‘सूत्र’ या संज्ञेचा अर्थ आणि उगम : महानुभावांचा सूत्रपाठ व खानदेश यांच्या संदर्भात

प्रास्ताविक

कोणत्याही धर्मपरंपरेत संपूर्ण ग्रंथ एका बैठकीत वाचला जात नाही. ग्रंथातील काही भाग वेगळा काढला जातो, तो नित्यपाठात येतो, त्यावर निरूपण होते आणि कालांतराने तोच भाग प्रमाण म्हणून उद्धृत केला जातो. या वेगळ्या काढलेल्या भागाला प्रत्येक परंपरेने स्वतंत्र नाव दिले आहे. नाव देताना त्या परंपरेने आपल्या पवित्र वचनाकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, हेही त्या नावात नकळत नोंदले जाते. वारकरी कीर्तनकार ज्याला ‘प्रमाण’ म्हणतो त्या शब्दात साक्षीचा भाव आहे. दासबोधातील ‘समास’ या शब्दात एकत्र बांधणीचा भाव आहे. कुराणातील ‘आयत’ या शब्दाचा मूळ अर्थ खूण असा आहे, तर शीख परंपरेत ग्रंथसाहिब उघडून वाचल्या जाणाऱ्या वचनाला ‘हुकमनामा’ म्हणतात, म्हणजे ते वचन आज्ञारूप मानले जाते. ख्रिस्ती उपासनेत वाचावयाच्या बायबलमधील वेच्याला ‘पेरिकोपी’ हा ग्रीक शब्द रूढ आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘सभोवार कापून काढलेले’ असा होतो.

मराठी भाषेतील पहिल्या मोठ्या धर्मवाङ्मयात, म्हणजे महानुभावांच्या वाङ्मयात, अशा वेच्यासाठी ‘सूत्र’ ही संज्ञा वापरली गेली. सर्वज्ञ श्रीचक्रधरांच्या मुखातून निघालेली वचने लीळांमधून वेगळी काढून केशिराजबास ऊर्फ केसोबास यांनी जो संग्रह सिद्ध केला, त्याला ‘सूत्रपाठ’ असे नाव आहे. हे नाव इतके परिचित झाले आहे की त्याचा विचार सहसा होत नाही. वस्तुतः शास्त्रग्रंथांतील ज्या सूत्रांवरून हे नाव आले, त्यांच्यात आणि सूत्रपाठातील वचनांत मूलभूत भेद आहे. हा भेद कोणता, ही संज्ञा स्वीकारल्याने काय साधले आणि काय हरवले, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे. या विषयाला खानदेशाचा संदर्भ दोन प्रकारे आहे. चक्रधरांच्या परिभ्रमणातील कनाशी, शेंदुर्णी ही स्थाने आजच्या जळगाव जिल्ह्यात आहेत; आणि सांकेतिक लिपीत बंद असलेले हे वाङ्मय अभ्यासकांना वाचता यावे यासाठी ज्यांनी आरंभीचे परिश्रम घेतले, त्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या उत्तरायुष्याचा व संग्रहाचा संबंध धुळे शहराशी आहे.

‘सूत्र’ शब्दाची व्युत्पत्ती आणि शास्त्रीय अर्थ

‘सूत्र’ हा शब्द संस्कृत ‘सिव्’ म्हणजे शिवणे या धातूशी जोडला जातो. त्याचा पहिला अर्थ धागा. मराठीत याच शब्दापासून ‘सूत’ आला. लाकडावर सूत धरून रेघ मारणारा तो ‘सुतार’. या शब्दाची व्युत्पत्ती ‘सूत्रधार’ अशी दिली जाते. एखाद्या माणसाशी ‘सूत जुळणे’, कारभाराची ‘सूत्रे हाती घेणे’ हे वाक्प्रचार आजही बोलीत आहेत. कापूस पिकविणाऱ्या खानदेशात तर सूत ही रोजच्या व्यवहारातील वस्तू होती. धाग्याची तीन कार्ये या सर्व प्रयोगांमागे दिसतात : जोडणे, सरळ मोजमाप देणे आणि नियंत्रण करणे.

संस्कृत शास्त्रपरंपरेने हा शब्द वाङ्मयप्रकारासाठी वापरला. कल्पसूत्रे, पाणिनीची अष्टाध्यायी, ब्रह्मसूत्रे, योगसूत्रे ही त्याची ठळक उदाहरणे. सूत्राची परंपरागत व्याख्या पाहिली तर त्यात सहा अपेक्षा आढळतात : अक्षरे मोजकी असावीत, अर्थ निःसंदिग्ध असावा, सार भरलेले असावे, ते अनेक ठिकाणी लागू पडावे, निरर्थक भरती नसावी आणि ते निर्दोष असावे. अशा सूत्राची रचना हेतुपुरस्सर केलेली असते. सूत्रकार आधी शास्त्र मनात मांडतो, नंतर ते कमीत कमी शब्दांत बांधतो. सूत्राच्या आधी कोणताही मोठा ग्रंथ असावाच लागतो असे नाही. सूत्र प्रथम, त्याचा विस्तार म्हणजे वृत्ती, भाष्य आणि टीका मागून, असा हा क्रम आहे.

बौद्ध परंपरेत मात्र चित्र निराळे आहे. पाली ‘सुत्त’ हा बहुधा दीर्घ संवाद असतो. त्यात स्थळ, प्रसंग, प्रश्नकर्ता आणि बुद्धाचे उत्तर असे सर्व काही असते. अल्पाक्षरत्व हा त्याचा गुण नव्हे. म्हणूनच काही अभ्यासकांनी ‘सुत्त’ हा शब्द ‘सूत्र’ऐवजी ‘सूक्त’, म्हणजे चांगले बोललेले वचन, यावरून आला असावा असा तर्क मांडला आहे. तर्क मान्य होवो वा न होवो, त्यातून एक महत्त्वाचा भेद स्पष्ट होतो. शास्त्रकाराने रचलेले सूत्र एका बाजूला आणि गुरूने बोललेले वचन दुसऱ्या बाजूला, अशा दोन भिन्न गोष्टींना भारतीय परंपरेत जवळजवळ एकच नाव मिळाले आहे. महानुभावांचा सूत्रपाठ या दोहोंच्या मधोमध उभा आहे. त्यातील वचने बोललेली आहेत, पण त्यांचे रूप रचलेल्या सूत्राचे आहे.

लीळेतून सूत्राकडे

चक्रधरांनी स्वतः ग्रंथरचना केली नाही. त्यांचा उपदेश परिभ्रमणात, भक्तांच्या प्रश्नांच्या निमित्ताने, दृष्टांत देत, मराठीतून होत असे. इ. स. १२७४ च्या सुमारास त्यांनी उत्तरापंथे गमन केल्यानंतर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्या नेतृत्वाखाली भक्तपरिवार ऋद्धिपूर येथे एकवटला. तेथे म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी संकलित करण्याचे कार्य हाती घेतले. १२७८ च्या सुमारास सिद्ध झालेले ‘लीळाचरित्र’ हे त्या परिश्रमाचे फळ होय. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशी त्याची विभागणी आहे. ज्या व्यक्तीने प्रसंग पाहिला वा ऐकला तिच्याकडे जाऊन विचारणा करावयाची, निरनिराळ्या साक्षी पडताळावयाच्या आणि मतभेद असल्यास तो नोंदवावयाचा, अशी म्हाइंभटांची पद्धती होती. लीळाचरित्राच्या हस्तलिखितांत निरनिराळ्या व्यक्तींच्या नावाने पाठभेद नोंदलेले आढळतात. तेराव्या शतकातील ही साक्षनिष्ठा इतिहासाच्या अभ्यासकाला आजही आदर वाटावा अशी आहे.

परंपरेनुसार याच लीळांमधून केसोबासांनी चक्रधरांची वचने वेगळी काढली. केसोबास हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. ‘रत्नमालास्तोत्र’ ही त्यांची संस्कृत रचना प्रसिद्ध आहे. सूत्रपाठाखेरीज ‘दृष्टांतपाठ’ हे संकलनही त्यांचेच. सूत्रपाठाच्या प्रकरणांची नावे पाहिली तर त्यांच्या पांडित्याचा ठसा जाणवतो. अन्यव्यावृत्ती, युगधर्म, विद्यामार्ग, संहार, संसरण, उद्धरण, असतिपरी, महावाक्य, निर्वचन ही प्रकरणे आणि त्यांच्या जोडीला आचार, आचारमालिका, विचार, विचारमालिका हे मोठे विभाग. यांपैकी ‘महावाक्य’ ही वेदान्ताची परिभाषा आहे. ‘निर्वचन’ हा शब्द निरुक्ताच्या परंपरेतील आहे. ‘मालिका’ या शब्दात तर सूत्राची मूळ प्रतिमाच आहे. सुटी वचने जणू धाग्यात ओवून त्यांची माळ केली आहे.

‘सूत्रपाठ’ हे नावही असेच शास्त्रपरंपरेतून आलेले दिसते. पाणिनीय व्याकरणात सूत्रपाठ, धातुपाठ आणि गणपाठ अशी तीन अंगे मानली जातात. ‘पाठ’ म्हणजे ठरावीक क्रमाने मुखोद्गत करावयाची संहिता. संस्कृत विद्येत वाढलेल्या केसोबासांना ही परिभाषा घरची होती. चक्रधरांच्या वचनांना ‘सूत्र’ आणि त्यांच्या संग्रहाला ‘सूत्रपाठ’ म्हटल्याने दोन गोष्टी एकाच वेळी सूचित झाल्या : ही वचने शास्त्राच्या योग्यतेची आहेत, आणि ती मुखोद्गत करावयाची आहेत.

या नामकरणाचे महत्त्व लक्षात येण्यासाठी त्या काळच्या खानदेशातील एक पुरावा तुलनेला घेता येतो. चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे शके ११२८ (इ. स. १२०६-०७) चा एक शिलालेख आहे. यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ वंशातील सोइदेव व हेमाडिदेव यांच्या आश्रयाने भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणी आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची त्यात नोंद आहे. लेखाचा प्रशस्तिपर भाग संस्कृतात आहे; मठाला द्यावयाच्या दानांचा व्यावहारिक तपशील शेवटी मराठीत आहे. शास्त्राची आणि गौरवाची भाषा संस्कृत, देण्याघेण्याची भाषा मराठी, ही त्या काळची सर्वमान्य विभागणी या एका शिळेवर स्पष्ट दिसते. त्यानंतर सत्तर-पंचाहत्तर वर्षांतच ब्रह्मविद्येची वचने मराठीत ‘सूत्र’ म्हणून मांडली गेली. ज्या भाषेत घाण्याच्या तेलाचा हिशेब लिहिला जात होता, तिच्यातील बोललेले वाक्य शास्त्राच्या आसनावर बसविण्यात आले. ‘सूत्र’ या संज्ञेमागील धैर्य ते हेच.

हा निर्णय सहज झालेला नव्हता. नागदेवाचार्यांच्या आठवणींचा संग्रह असलेल्या ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात असे प्रसंग आले आहेत की, केसोबासादी पंडितांचा ओढा संस्कृत रचनेकडे असता नागदेवाचार्यांनी त्यांना त्यापासून परावृत्त केले. स्वामींनी आपल्याला मराठीतून सांगितले, संस्कृतात गेल्यास आपल्या साध्यासुध्या वृद्ध स्त्रिया त्याला मुकतील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. म्हणजे सूत्राचे रूप संस्कृत शास्त्राचे, पण शब्द मराठी, अशी तडजोड पंथाच्या आरंभीच घडून आली. एका पंडिताची शिस्त आणि एका आचार्याची करुणा यांच्या संयोगातून सूत्रपाठ जन्मला असे म्हणता येते.

संज्ञेने काय दिले

वेच्याला सूत्र म्हटल्याचा पहिला परिणाम म्हणजे वचनांचा दर्जा निश्चित झाला. महानुभावांनी वैदिक परिभाषेतील ‘श्रुती’ आणि ‘स्मृती’ हे शब्द नव्या अर्थाने स्वीकारले. चक्रधरांचे वचन ती श्रुती, नागदेवाचार्यांचे वचन ती स्मृती आणि त्यानंतरच्या ज्येष्ठांचे आचरण तो वृद्धाचार, अशी प्रामाण्याची उतरंड त्यांनी मानली. या उतरंडीत सर्वांत वर असलेले वचन नेमके कोणते, हे ठरविण्याचे साधन म्हणजे सूत्रपाठ. लीळेतील कथनाचे शब्द म्हाइंभटांचे आहेत. सूत्रातील शब्द स्वामींचे आहेत, असा भेद त्यामुळे करता येऊ लागला.

दुसरा परिणाम स्मरणसुलभतेचा. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिणेवरील आक्रमणांच्या धामधुमीत पंथाचे अनेक ग्रंथ नष्ट झाले आणि पुढे ते स्मरणाच्या आधाराने पुन्हा लिहून काढावे लागले, असे परंपरा सांगते. या कार्यात हिराइसा या विदुषीच्या स्मरणशक्तीचा विशेष गौरव होतो. तिच्या नावाने एक स्वतंत्र पाठही ओळखला जातो. पोथी नष्ट होऊ शकते, पण मुखोद्गत पाठ टिकतो, हा अनुभव पंथाने घेतला. ज्या वृद्ध स्त्रियांसाठी नागदेवाचार्यांनी मराठीचा आग्रह धरला, त्यांच्याच वर्गातील एका स्त्रीने पुढे ग्रंथ वाचविला, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

तिसरा परिणाम म्हणजे भाष्यपरंपरेचा उदय. सूत्र म्हटले की त्याला भाष्य हवे. त्याप्रमाणे लक्षण, विचार आणि आचार या अंगांनी सूत्रांचे विवरण करणारे ‘बंद’ तयार झाले. मराठी गद्यात तर्कशुद्ध विवरणाची परंपरा ज्ञानेश्वरीच्या निकटच्या काळात इतकी समृद्ध होती, हे या ग्रंथांवरून दिसते. चक्रधरांच्या तत्त्वज्ञानातील जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार नित्य पदार्थांची व्यवस्थित मांडणी सूत्रांच्या वर्गीकरणामुळेच शक्य झाली. प्रसंगाप्रसंगाने विखुरलेले बोलणे प्रकरणांच्या धाग्यात आल्यावर त्यातून दर्शन उभे राहिले.

संज्ञेने काय झाकले

तथापि या प्रक्रियेची दुसरी बाजूही आहे. बोललेल्या वाक्याला सूत्र म्हटले की ते वाक्य कोणाला, कोठे आणि कोणत्या प्रश्नाच्या उत्तरादाखल बोलले गेले, हा तपशील मागे पडतो. लीळाचरित्रात चक्रधरांना प्रश्न विचारणाऱ्यांत स्त्रियांची संख्या लक्षणीय आहे. त्यांत महदाइसा ही प्रमुख. ‘धवळे’ रचणारी ही मराठीतील आद्य कवयित्री जिज्ञासू म्हणून लीळांमध्ये पुनःपुन्हा भेटते. ती शंका काढते, उत्तराने समाधान न झाल्यास पुन्हा विचारते. तिच्या प्रश्नामुळे जे उत्तर आले ते सूत्रपाठात सूत्र होऊन राहिले. प्रश्न मात्र लीळेतच राहिला. सूत्रपाठ वाचणाऱ्याला उपदेश ऐकू येतो, पण तो उपदेश ज्या संवादातून निपजला त्या संवादातील दुसरा आवाज ऐकू येत नाही.

याचे वैचारिक परिणामही संभवतात. स्त्रीच्या ऋतुकालासंबंधी चक्रधरांनी जे विवेचन केले ते आज बहुतेक अभ्यासकांना ज्ञात आहे. नाकातून शेंबूड यावा तसाच हा देहधर्म आहे, त्यात विटाळ मानण्याचे कारण नाही, असा त्याचा आशय आहे. हे वचन लीळेत वाचले की एका प्रत्यक्ष स्त्रीच्या संकोचाला मिळालेले उत्तर म्हणून त्याची धार जाणवते. प्रसंगातून सोडविल्यावर ते शरीरासंबंधीचे सामान्य विधान उरते. विधान खरेच राहते. परंतु त्यातील माणूस नाहीसा होतो.

दुसरे उदाहरण आचारातील प्रसिद्ध आज्ञेचे. अनुयायांनी महाराष्ट्रात राहावे, कानडी व तेलुगु देशांत जाऊ नये, असा त्या आज्ञेचा आशय. महाराष्ट्राच्या अस्मितेचा पहिला उच्चार म्हणून हे वचन आधुनिक काळात अनेकदा उद्धृत झाले. परंतु तेथे त्या देशांना वर्ज्य मानण्याचे कारण त्यांची विषयबहुलता हे आहे. संन्यस्ताने जेथे सुखोपभोगाची साधने अधिक तेथे राहू नये, हा त्यामागील विचार होय. आज्ञा वैराग्याची आहे, अभिमानाची नव्हे. पुढे आचाराच्या भाष्यकारांना ‘महाराष्ट्र’ म्हणजे नेमका कोणता देश, असा प्रश्न पडला. त्यांनी मराठी भाषा बोलली जाणारी मंडळे एकामागून एक मोजली. त्यांत बालेघाट, गोदावरीचे दोन्ही तीर, मेघंकर घाट, वऱ्हाड असे उल्लेख येतात. एका वाक्याच्या आज्ञेवरून भाषेच्या आधारे प्रदेशाची व्याख्या करण्याचा हा प्रयत्न इतिहासकाराला मोलाचा आहे. पण तो भाष्यकारांचा आहे, हे विसरून चालत नाही. वेचा, भाष्य आणि आधुनिक उद्धरण अशा तीन थरांत वचनाचा अर्थ कसा पालटत जातो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

ही उणीव पंथातील विद्वानांच्या ध्यानात आली नव्हती असे मात्र नाही. ‘प्रकरणवश’ या नावाने ओळखली जाणारी साहित्यशाखा याच गरजेतून निर्माण झाली. सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाच्या निमित्ताने निरूपिले गेले, हे प्रकरणवशात सांगितले जाते. म्हणजे केसोबासांनी प्रसंगातून वचन सोडविले आणि प्रकरणवशकारांनी वचनाला पुन्हा प्रसंगाशी बांधले. सूत्राचा उपयोग प्रकरणाच्या ज्ञानाशिवाय अपुरा आहे, ही जाणीव चौदाव्या शतकातील मराठी विद्वानांना होती. आधुनिक पाठचिकित्सेत ज्याला संदर्भाचे भान म्हणतात, त्याचाच हा देशी आविष्कार म्हणता येईल.

केसोबासांच्या ‘दृष्टांतपाठा’तही हे भान दिसते. त्यातील ११४ दृष्टांतांची मांडणी त्रिविध आहे : आधी चक्रधरांचे सूत्र, मग त्यांनी दिलेला दृष्टांत आणि शेवटी केसोबासांनी केलेला दार्ष्टान्तिक, म्हणजे दृष्टांताची मूळ सिद्धान्ताशी लावलेली सांगड. येथे गुरूचे शब्द कोणते आणि संकलकाचे कोणते, हे उघड ठेवले आहे. सूत्रपाठात संकलक स्वतःला पूर्णपणे पुसून टाकतो, दृष्टांतपाठात तो आपल्या जागी दिसतो. या संग्रहातील हत्ती आणि आंधळे यांचा दृष्टांत सर्वपरिचित आहे. प्रत्येक आंधळा हत्तीच्या ज्या अवयवाला हात लागला तोच हत्ती समजतो. वेच्यावरून संपूर्ण वचनाचा निर्णय करणाऱ्यालाही तो लागू पडण्यासारखा आहे.

लिपीचे आवरण आणि धुळ्याचे कार्य

सूत्रपाठाच्या वाट्याला आणखी एक आवरण आले. चौदाव्या शतकापासून पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास आरंभ केला. एका अक्षराऐवजी दुसरे अक्षर योजावयाचे, असे सकळ लिपीचे स्थूल स्वरूप. सर्वांना कळावे म्हणून मराठीत राखलेली वचने या लिप्यांमुळे पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला अनेक शतके अप्राप्य झाली. ज्या संज्ञेने मराठी वचनाला शास्त्राचा मान दिला, त्या संज्ञेखालील ग्रंथच मराठी वाङ्मयाच्या इतिहासातून जणू वगळला गेला.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी राजवाडे यांनी या लिपीची उकल केली आणि महानुभाव वाङ्मयाचे दार अभ्यासकांना उघडले. याच काळात, १९०९ मध्ये, त्यांनी पाटांगण येथे मिळालेल्या प्रतीवरून ज्ञानेश्वरीही प्रसिद्ध केली होती. यादवकालीन मराठीचा अभ्यास या दोन्ही बाजूंनी एकदमच पुढे गेला. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे राजवाडे यांचे निधन झाले. लगेच पुढच्या महिन्यात, जानेवारी १९२७ मध्ये, त्यांच्या दप्तरांचे जतन व्हावे या हेतूने राजवाडे संशोधन मंडळाची धुळ्यात स्थापना झाली. त्याच शहरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी सत्कार्योत्तेजक सभा आणि समर्थ वाग्देवता मंदिर यांच्या द्वारे रामदासी संप्रदायाची हस्तलिखिते जमविली. एका जिल्ह्याच्या ठिकाणी दोन भिन्न संप्रदायांच्या वाङ्मयाच्या अभ्यासाची साधने अशी एकत्र यावीत, हा योग महाराष्ट्रात विरळा.

लिपीची अडचण दूर झाल्यावर ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र व सूत्रपाठ यांचे संपादन १९३० च्या दशकात नागपूर येथून केले. वि. भि. कोलते यांनी ‘महानुभाव तत्त्वज्ञान’ (१९४५) व ‘महानुभाव आचारधर्म’ (१९४८) या ग्रंथांत सूत्रांच्या आधारे पंथाच्या विचाराची आणि आचाराची सविस्तर मांडणी केली आणि पुढे १९७८ मध्ये लीळाचरित्राची संशोधित आवृत्ती सिद्ध केली. अमेरिकन विदुषी अ‍ॅन फेल्डहाउस यांनी सूत्रपाठाचा इंग्रजी अनुवाद व अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. या कार्याचा क्रम पाहिला तर लीळा आणि सूत्र यांना एकमेकांशेजारी ठेवून वाचण्याची दिशा हळूहळू स्थिर होत गेलेली दिसते. प्रकरणवशकारांनी जे सहाशे वर्षांपूर्वी सुचविले होते, त्याकडेच आधुनिक संशोधन परत आले.

‘सूत्र’, ‘वेचा’ आणि ‘उतारा’

आधुनिक मराठीत वेगळ्या काढलेल्या मजकुरासाठी ‘सूत्र’ हा शब्द राहिला नाही. त्याऐवजी ‘वेचा’ आणि ‘उतारा’ हे शब्द आले. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी १८५४ मध्ये जुन्या मराठी कवितेतील निवडक भागांचा जो संग्रह प्रसिद्ध केला त्याचे नाव ‘नवनीत’, म्हणजे मंथनातून वर आलेले लोणी. शालेय आणि महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांनी पुढे हीच रीत चालविली. ‘उतारा’ म्हणजे मूळ दप्तरावरून उतरवून घेतलेली नक्कल. सातबाराचा उतारा या प्रयोगात हा अर्थ आजही जिवंत आहे. ‘वेचा’ म्हणजे वेचून घेतलेले. खानदेशात हा शब्द कापसाच्या वेचणीशी जोडलेला आहे. वेचणीत बोंडातून कापूस निघतो आणि झाड शेतात उभे राहते. त्या कापसाचे सूत व्हायचे तर पुढे पिंजणे, कातणे हे सर्व करावे लागते.

या दोन शब्दांतील अंतर येथे स्पष्ट होते. ‘वेचा’ हा शब्द केवळ निवडीची कबुली देतो; आपण मूळ झाडापासून दूर आलो आहोत, हे तो लपवीत नाही. ‘सूत्र’ हा शब्द निवडलेल्याला नवे सातत्य आणि नवा अधिकार देतो. ग्रीक ‘पेरिकोपी’ कापण्याची क्रिया पुढे आणते, संस्कृत ‘सूत्र’ शिवण्याची. वस्तुतः प्रत्येक वेच्यात दोन्ही क्रिया घडलेल्या असतात. आधी कापणे आणि मग शिवणे. कोणती क्रिया नावात यावी आणि कोणती झाकली जावी, हे मात्र ती ती परंपरा ठरविते.

हा विचार महाविद्यालयीन अध्यापनाशीही निगडित आहे. प्राचीन मराठी वाङ्मयाच्या अभ्यासक्रमात सूत्रे आणि दृष्टांत बहुधा सुटे शिकविले जातात, लीळा वेगळ्या. विद्यार्थ्याच्या मनात त्यामुळे एका बाजूला गोष्टी आणि दुसऱ्या बाजूला सुविचार अशी विभागणी होते. एखादे सूत्र आणि ते ज्या लीळेतून आले ती लीळा एकत्र ठेवून शिकविल्यास, विचार संवादातून कसा जन्मतो, हे विद्यार्थ्याला पाहता येईल. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील महाविद्यालयांना तर हे अधिक सहज शक्य आहे. कनाशी व शेंदुर्णीची स्थाने विद्यार्थ्यांच्या परिसरातील आहेत आणि संशोधनाची परंपरा धुळ्यात आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी लक्षात येतात.

१) महानुभाव वाङ्मयातील ‘सूत्र’ ही संज्ञा शास्त्रपरंपरेतून घेतलेली असली तरी तिचा अर्थ बदललेला आहे. शास्त्रातील सूत्र रचलेले असते. सूत्रपाठातील सूत्र हा बोललेल्या वचनाचा वेचा आहे.

२) ‘सूत्रपाठ’ या नावामुळे मराठीतील बोललेल्या वचनाला शास्त्राचा आणि श्रुतीचा दर्जा प्राप्त झाला. तेराव्या शतकातील भाषाव्यवहाराच्या पार्श्वभूमीवर ही मोठी सांस्कृतिक घटना होय.

३) वचन प्रसंगापासून वेगळे झाल्याने प्रश्नकर्त्यांचा, विशेषतः स्त्रियांचा, सहभाग झाकला गेला. प्रकरणवश साहित्याने ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न पूर्वीच केला होता.

४) धर्मवचन प्रमाण म्हणून उद्धृत करताना त्याचा प्रसंग सांगणे ही केवळ संशोधकीय औपचारिकता नाही. संन्याशाला दिलेली वैराग्याची आज्ञा प्रांताभिमानाची घोषणा म्हणून वाचली जाते, तेव्हा प्रसंग गाळल्याची किंमत लक्षात येते.

सूत्राचे मूळ कार्य जोडण्याचे आहे. चक्रधरांची वचने एकमेकांशी जोडण्याचे कार्य केसोबासांनी केले. ती वचने ज्यांच्या प्रश्नांतून आली त्या माणसांशी त्यांना पुन्हा जोडणे, हे कार्य आजच्या अभ्यासकाकडे आलेले आहे.